लिंबोणीची खोली

आमच्या पावलोवो गावात कुणाच्या घरी जायचं असेल तर पर्समध्ये नखं कापायची कात्री टाकावी लागते. फुलं, केक, काही नाही नेलं तरी चालतं. खिडकीत लिंबोणी असतेच. पाहुण्याने तिच्याकडे बघून म्हणायचं, काय तजेला आहे हो हिला. मग यजमानीणबाईंना एकाएकी आठवतं की चहाचं आधण ठेवायचं राहिलं. त्या स्वयंपाकघरात जातात, भांड्यांचा गरजेपेक्षा जास्त आवाज करतात, आणि तेवढ्यात पाहुण्याने आपलं काम उरकायचं. मागून घेतलेली फांदी मुळं धरत नाही, चोरलेली धरते. आणि रोपासाठी कधी आभार मानायचे नाहीत. 'धन्यवाद' म्हटलं की रोप गेलंच म्हणून समजा. बाहेरगावचे लोक आम्हाला उद्धट म्हणतात. म्हणोत बापडे. ओका नदी या काठापासून त्या काठापर्यंत गोठते तेव्हा पिवळीधम्मक लिंबं लटकत असतात ती आमच्या खिडकीत, त्यांच्या नाही.

कपितोलिना अर्कादियेव्नाकडे मात्र कात्री नेण्यात अर्थ नव्हता. तिने चहाची किटलीच लिंबोणीच्या खोलीत आणून ठेवली होती, विजेची, स्टुलावर. पाहुणा आला की ती तिथेच बसून चहा करायची आणि पाहुण्याच्या हातांवरची नजर हलवायची नाही. साखर हवी असेल तर पाहुण्याने स्वतः उठून आणायची. अख्ख्या गावात हे एकच झाड असं होतं की ज्याचं लेकरू दुसऱ्या कुणाच्या खिडकीत नव्हतं. बाईची सगळी नोकरी कात्र्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून गेली. दुसऱ्याच्या हातच्या कात्र्या उजेडाकडे धरून 'नापास' म्हणायचं, हेच काम. निवृत्त झाल्यावर कात्र्या संपल्या, मग ती माणसांकडे वळली. माझं दार तिच्या दारासमोर, त्यामुळे मी रोज नापास होत असे.

झाड मात्र पास होतं, आणि होतं तसंच. तिच्या आईने, अग्राफेनाबाईंनी, लावलेलं. छतापर्यंत गेलं, पुढे जागा मिळेना म्हणून वाकून छताखालून आडवं निघालं. फांद्या पडद्याच्या दांडीला बांधलेल्या, त्याही अग्राफेनाबाईंच्या जुन्या मोज्यांच्या पट्ट्यांनी. त्यामुळे त्या खोलीचे पडदे कधी लागले नाहीत, आणि तिथे कपडे बदलता येईनात म्हणून घरातली माणसं न्हाणीघरात रांग लावत. हिवाळ्यात लिंबोणीला झोप हवी, झोपेला गारवा हवा, म्हणून थंडी सुरू झाली की त्या खोलीला गरम पाण्याने ऊब देणाऱ्या रेडिएटरचा नळ बंद. घरात दोनच खोल्या. दक्षिणेची, उन्हाची, लिंबोणीला. उत्तरेची, कारखान्याच्या भिंतीकडे तोंड केलेली, बाकी सगळ्यांना.

बाकी सगळे म्हणजे कपितोलिना, तिचा मुलगा गेना, गेनाची बायको तास्या आणि त्यांची पाच वर्षांची उल्याना, म्हणजे उल्या. गेना हा स्वभावाने चांगला माणूस, म्हणजे घरात काही झालं की तो बर्फात भोक पाडून मासे पकडायला जातो. तास्याला त्याने वोर्कुताहून आणलं. तिच्या गावी इतकी थंडी की झाड म्हणजे कॅलेंडरावरचं चित्र. आली तेव्हा तिने सासूला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हे प्लॅस्टिकचं का? तो प्रश्न सासूने मनात जपून ठेवला.

उल्याला दर हिवाळ्यात खोकला व्हायचा. साधा नाही. छातीतून यायचा, जिन्यापलीकडे मला ऐकू यायचा, आणि मग माझीही झोप जायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी औषध लिहिलं आणि वर सांगितलं की खरं औषध हे नव्हे, कोरडी आणि उन्हाची खोली हे आहे. तास्याने घरी येऊन सांगितलं. कपितोलिनाने नीट ऐकून घेतलं. दुष्ट नव्हती ती. म्हणाली, बरोबर आहे, पोरीला ऊन पाहिजे. छाटणी झाली की खोली तुमची. झाड कमरेएवढं आणलं की कुठल्याही कोपऱ्यात मावेल.

हे वचन दिलं तेव्हा उल्या दोन वर्षांची होती.

फेब्रुवारी सरत आला, उजेड वाढला की छाटणीची वेळ. दर वर्षी कपितोलिना जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरायची, छाटणीची कात्री स्पिरिटने पुसायची, दोन-दोन चष्मे लावायची, स्टुलावर चढायची. घरातली सगळी दारात उभी. तास्या तर पलंगाची मापं घेऊन तयार. बाई कात्री उघडायची, फांदीला लावायची, तशीच उभी राहायची. मग खाली उतरायची. एकदा म्हणाली चंद्र बरोबर नाही. पुढच्या वर्षी झाडाने नेमक्या कळ्या धरल्या होत्या, आणि कळ्यांवर कात्री चालवायला ती काही कसाई नव्हती. त्याच्याही पुढच्या वर्षी तिने कारणसुद्धा दिलं नाही, नुसतीच वर्तमानपत्रं गोळा केली. तास्याने मापं लिहिलेला कागद चुलीत टाकला असता, पण आमच्याकडे गॅस आहे.

खरं कारण मला ठाऊक होतं. एका वाढदिवसाला बेदाण्याची दारू जरा जास्त झाली तेव्हा तिने सांगितलं होतं. आई प्रत्येक कोवळा शेंडा नखाने खुडायची, रोज, कामावरून आल्या आल्या, हात न धुता. "या प्रत्येक वळणावर आईची बोटं आहेत गं, रिम्मा." मी विचारलं, आणि तुझ्या डोक्यावरून फिरली का ती कधी? ती म्हणाली, झाडाला जास्त गरज होती. मला तिची दयाही आली आणि हातातली लोणच्याची बरणी तिच्या दिशेने फेकावीशीही वाटली. आईने केलं ते ही आता नातीला करत होती, आणि हे तिला कुणी सांगायचं?

नोव्हेंबरात दुकानाबाहेर बर्फावर तिचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. दूध-दह्याची पिशवी मात्र तिने वर धरली होती, त्यातलं काही सांडलं नाही. मोठ्या शहरात, निझ्नीला, नेऊन शस्त्रक्रिया करायची, मग तिथेच मावसबहिणीकडे राहून चालायला शिकायचं, असं ठरलं. स्ट्रेचरवर घातलं तरी बाईच्या सूचना चालू. पाणी दोन दिवस ठेवलेलं, कोमट. कुंडी फिरवायची नाही, कुंडीत काडी खोचली आहे ती खिडकीकडेच राहिली पाहिजे, लिंबोणीला दिशा बदललेली चालत नाही. नळ उघडायचा नाही. रुग्णवाहिकेची माणसं दारात ताटकळली होती. त्यांतल्या एकाने विचारलं, घरात कोण आजारी आहे अजून? शेवटी तिने किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "डोळा ठेव हिच्यावर." हिच्यावर म्हणजे सुनेवर की झाडावर, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी तिचा फोन. पानं कशी आहेत? मागच्या बाजूला कोळ्याची कीड तर नाही? माती वरून सुकली का? मी दर वेळी शेवटी सांगायची, उल्याला ताप आहे हं. ती म्हणायची, तिला मध दे म्हणावं, आणि तास्याला सांग, दार उघडं टाकत जाऊ नको, वारा लागतो. उल्याला नाही, झाडाला.

डिसेंबरात एका सकाळी मी किल्ली फिरवून आत गेले तर दक्षिणेच्या खोलीत ऊब. मी दारातच थांबले. तास्याने पलंग ओढून खिडकीशी आणला होता. उल्या उन्हात बसून चित्रं काढत होती. नळ पूर्ण उघडा. तास्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हातात ओली फडकी, डोळे लाल.

"रिम्मा येगोरोव्ना, कळवायचं असेल तर आत्ता फोन करा. माझ्या देखत करा. पाठीमागे नको."

मी म्हटलं, "मला नळातलं काही कळत नाही. माझा विषय पानं."

तेव्हा पानं सगळी जागेवर होती. संध्याकाळी फोनवर मी तसंच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

आठवडाभरात उल्याचा खोकला सुटला. गालांना रंग आला, ती जेवायला मागू लागली, बिटाचं सूप दोनदा वाढून घेऊ लागली. आणि लिंबोणीची पानं गळायला लागली. आधी आतली, मग बाहेरची, हिरवीच्या हिरवी. देठ जागेवर आणि पान खाली. पोरीच्या पांघरुणावर टपटप पडायची. तिने ती गोळा करून दुकान मांडलं, मी दहा पानांना एक बटण देऊन आले. यात काही गूढ नव्हतं. कुंडी थंड फरशीवर, मुळं थंडीत झोपलेली, आणि वरचा सगळा पसारा उकाड्यात जागा. पानं पाणी मागतात, मुळं ओ देत नाहीत. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वोर्कुतात नसतं. तास्या प्रत्येक पान उचलायची आणि माझ्याकडे बघायची. तिला झाडाचं दुःख नव्हतं, भीती होती. झाड मेलं तर ती या घरात आयुष्यभर गुन्हेगार, आणि पोरगी पुन्हा उत्तरेच्या खोलीत.

नळ पुन्हा बंद कर असं मी एकदाच म्हटलं. ती म्हणाली, "हिला घेऊन वोर्कुताला जाईन, पण नळ बंद करणार नाही." मग मी इनोकेन्ती ल्वोविचना फोन लावला.

हे आमच्या लिंबू मंडळाचे अध्यक्ष. कारखान्यात नकाशे काढायचे, आता लिंबांबद्दल बोलतात. त्यांना मी एकट्यांना बोलावलं होतं. आलं सगळं मंडळ. त्या खोलीत इतकी वर्षं नजरकैदेत चहा प्यायलेली ती माणसं बूट काढून, टोप्या हातात घेऊन, मयताच्या घरी उभी राहावीत तशी भिंतीला टेकून उभी राहिली. बहिरी फाइना तर रडली. इनोकेन्ती ल्वोविचनी लिंबोणीच्या इतिहासापासून सुरुवात केली, मधे तुर्कस्तान येऊन गेलं, शेवटी मुद्द्यावर आले: छाटायची. गुडघ्याएवढी. मुळं जेवढं पोसू शकतील तेवढीच वर ठेवायची, कुंडी फरशीवरून उचलून रेडिएटरवर फळी टाकून तिच्यावर, अंगावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि पाणी चमच्याने. मग तगली तर तगली.

छाटणार कोण? त्या झाडाची स्वप्नं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती, पण कपितोलिना परत आल्यावर तिच्यासमोर उभं राहायची छाती एकाचीही नव्हती. इनोकेन्ती ल्वोविच म्हणाले, बायकांचा हात हलका असतो. बायका म्हणाल्या, अध्यक्षांचा मान. हे सौजन्य चालू असताना तास्या उठली, गेनाच्या अवजारांतली बारीक दातांची करवत घेऊन आली आणि पडद्याच्या दांडीपासून सुरुवात केली. मोज्यांच्या पट्ट्या सोडल्या नाहीत, सरळ कापल्या. गेना अर्थातच नदीवर होता. खोडही तिनेच कापलं, गुडघ्याएवढं ठेवून.

फांद्या जमिनीवर पडल्या. टोकांना अजून हिरवी पानं होती, लावायला अगदी जोगी. मंडळाची नजर तिथे चिकटली. तास्याने हात पुसले आणि म्हणाली, "घ्या ना हे. न्या सगळं, कचराच आहे."

कुणी हललं नाही. दिलेली फांदी घेऊन करायचं काय? अशी ओल्या डोळ्यांची माणसं आणि त्यांच्या पायाशी हिरवा ढीग, आणि एकही हात खाली जाईना. मी तास्याचं कोपर धरलं आणि तिला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"भांडी वाजव."

"का?"

"वाजव म्हणते ना."

तिने झाकणं आपटली. आम्ही परत आलो तेव्हा जमीन झाडून घेतल्यासारखी स्वच्छ होती. इनोकेन्ती ल्वोविचच्या कोटाचा खिसा फुगला होता, फाइनाच्या बुटातून एक पान बाहेर डोकावत होतं. माझ्या पर्समधलं मी सांगत नाही. सगळ्यांनी बूट घातले आणि काही न बोलता निघून गेले.

तास्या दार लावून म्हणाली, "एकानेही धन्यवाद म्हटलं नाही. कसले लोक आहात तुम्ही?"

मी तिला समजावून सांगितलं. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. "म्हणजे तुमच्याकडे एखाद्याचं वाटोळं करायचं असेल तर त्याला धन्यवाद म्हणायचं?"

"रोपाच्या बाबतीत, हो."

ती इतकी हसली की उल्या पळत आली. या घरात मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फोनवर मात्र त्या दिवसापासून माझी पंचाईत झाली. पानं कशी आहेत म्हटलं की मी सांगायची, एकही पिवळं नाही. पानच नव्हतं तर पिवळं कुठून असणार?

मार्च संपता संपता कपितोलिना काठी टेकत परत आली. जिन्यातल्या प्रत्येक दाराच्या भोकाला एकेक डोळा लागला होता. किल्लीवाली म्हणून मी आत शिरले. ती कोट न काढता दक्षिणेच्या खोलीत गेली. पलंग, भिंतीवर चिकटवलेली चित्रं, रेडिएटरवरच्या फळीवर पिशवी पांघरलेला गुडघ्याएवढा खुंट. पिशवीच्या आत खोडावर मोहरीएवढे हिरवे ठिपके उठले होते, पण ते दिसायला वाकावं लागत होतं आणि तिला वाकता येत नव्हतं.

तास्या हनुवटी वर करून उभी होती. "छाटणी झाली, कपितोलिना अर्कादियेव्ना."

"कुणी केली?"

"मी."

कपितोलिनाने पिशवी बाजूला केली, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे तोंड करून बघितलं. "काप सरळ आहे," म्हणाली. मग उत्तरेच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवायलासुद्धा उठली नाही. मला तिच्यासाठी रडू आलं, आणि ते मी माझ्या घरी जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चांगला कोट घालून, छातीवर शोभेची पिन लावून बाहेर पडली. पहिलं घर इनोकेन्ती ल्वोविचचं. त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या बरणीखाली एक फांदी नुकती मुळं धरत होती. बाई बरणीसमोर जाऊन उभी राहिली, जमेल तेवढी वाकली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "धन्यवाद, इनोकेन्ती ल्वोविच. अगदी मनापासून धन्यवाद. किती जपलंत माझ्या आईचं रोप."

अध्यक्ष दह्यासारखे पांढरे पडले. त्यांच्या बायकोने मागून पटकन थुंकल्यासारखं केलं, पण शब्द कानावर पडून गेला होता.

तिथून ती पुढच्या घरी गेली. मग त्याच्या पुढच्या. इतकी सभ्य बाई गावाने कधी पाहिली नव्हती. काठी टेकत चार मजले चढायची, दम खायची, आणि आभार मानायची. कुणी दार उघडलं नाही तर दाराच्या फटीतून मानायची. एकाने खोटं सांगितलं की माझ्याकडे फांदी नाहीच, त्याला ती म्हणाली, मग नसल्याबद्दल धन्यवाद. बातमी पसरली. लोकांनी बरण्या लपवायला सुरुवात केली. कपाटात, पलंगाखाली, तळघरात बटाट्यांच्या पोत्यामागे. मीसुद्धा माझी न्हाणीघरात कपडे धुण्याच्या मशीनमागे ठेवली आणि वर टॉवेल टाकला. धन्यवाद ऐकू जाऊ नये म्हणून कोवळी रोपं आम्ही अंधारात कोंडली. लिंबोणीला महिना-महिना उजेड नाही मिळाला तर काय होतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. लिंबू मंडळाचे सभासद ना आम्ही. मे महिन्यात कपाटं उघडली तेव्हा आत काळ्या काड्या. मग सगळ्यांनी एकमताने ठरवलं की बाईची जीभ काळी आहे.

एक फांदी जगली. फाइनाची. तिला कपितोलिनाने तीन वेळा ओरडून धन्यवाद म्हटलं, आणि तिन्ही वेळा फाइना म्हणाली, "काय?" बरणी कट्ट्यावरच राहिली, उन्हात.

घरात मात्र कपितोलिना गप्प. सुनेशी बोलायची ते मिठापुरतं. तास्या रोज वाट बघायची. पाचपन्नास पायऱ्या चढून परक्यांना शाप देणारी बाई, जिने प्रत्यक्ष करवत चालवली तिला कसं सोडेल? जेवताना सासूने तोंड उघडलं की तास्या चमचा खाली ठेवायची. पण ती म्हणायची, ब्रेड दे. उन्हाळाभर हेच चाललं. खुंटाने अंग धरलं, चहूबाजूंनी वेडेवाकडे धुमारे फुटले, कुणी न वळवलेले, जिकडे उजेड तिकडे धावणारे. कपितोलिना त्यांच्याकडे बघत बसायची, हात मांडीवर ठेवून. खुडत नव्हती.

उन्हाळ्यात खोलीचा प्रश्न नव्हता, सगळीकडेच ऊब होती. प्रश्न होता ऑक्टोबरचा. झाड जिवंत होतं, म्हणजे त्याला हिवाळ्याची झोप हवी, म्हणजे गारवा हवा, आणि उजेडाची खिडकी घरात एकच. पाइपांत गरम पाणी सोडतील त्या दिवशी बाई उन्हाळाभर बंद असलेला नळ उघडू देणार का, यावर अख्ख्या इमारतीत चर्चा. तास्याने मला सांगून ठेवलं होतं, नळ बंदच राहिला तर ती उल्याला घेऊन निघणार, कायमची. बॅग भरून पलंगाखाली सरकवली होती. गेनालाही सांगितलं. त्याने गळ आणि दोऱ्या तपासायला घेतल्या. मला त्याची मान धरून नदीत बुडवावीशी वाटली, भोक तयारच असतं त्याचं.

पाइप खडखडले त्या सकाळी मला समोरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं बॅग. दार उघडून बघते तर गेना कुंडी उचलून जिन्यातून खाली नेतोय, आणि कपितोलिना मागून काठीने वाट दाखवतेय. दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर मोठी खिडकी आहे. कट्टा रुंद, उजेड भरपूर, आणि जिन्यात ऊब कधी नसतेच. लिंबोणीच्या झोपेला याहून चांगली जागा इमारतीत नाही. आजवर ती तिथे का गेली नाही? मोठी होती तेव्हा दारातून निघाली नसती, हे एक. आणि दुसरं, तिथून रोज सगळी इमारत चढते-उतरते.

गेनाने कुंडी ठेवली. कपितोलिनाने तिच्यातली काडी खिडकीकडे वळवून घेतली.

मी खाली उतरले. "इथे? अगं, इथे जो तो येता-जाता कात्री चालवेल. वसंतापर्यंत खुंटसुद्धा राहायचा नाही."

"चालवू देत," ती म्हणाली. "दाट झालीय. मधून उजेड जात नाही, छाटायला हवी. माझ्याने ते होत नाही, हे तुलाही माहीत आहे आणि या चोरांनाही. करू देत त्यांना." तिने एक धुमारा बोटाने जरासा वर उचलला आणि सोडून दिला. "तू मात्र लांब राहा, रिम्मा. तुझा काप वाकडा येतो."

इतकी वर्षं शेजारी राहून हे ऐकायचं. मी काही बोलणार तेवढ्यात वर दार उघडलं. तास्या कठड्याशी आली. अंगावर बाहेरचा कोट, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात उल्याचा हात. तिने खाली पाहिलं. गेनाकडे, कुंडीकडे, सासूकडे. तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिने बॅग खाली ठेवली आणि तिचे ओठ हलले.

"ध..."

कपितोलिनाने काठी पायरीवर आपटली. "खबरदार."

तास्याने तोंडावर हात दाबला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण शब्द तिने गिळला, पुरता. कपितोलिना कठडा धरून एकेक पायरी वर चढली, त्या दोघींच्या मधून आत गेली आणि कोट न काढता दक्षिणेच्या खोलीत शिरली. थोड्या वेळाने मला जिन्यात ऐकू आलं, तिथल्या रेडिएटरचा नळ कुणीतरी शेवटपर्यंत उघडत होतं, आणि मग पाइपांत पाण्याची घरघर सुरू झाली.